खोकल्याचं औषध

कट् असा बारीक आवाज झाला आणि सकाळच्या शांततेत मधुवंतीचा पोळी लाटणारा हात थांबला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं सील तुटलं होतं. घरात खोकला मात्र कोणालाच नव्हता.

"उद्या न घेता जाईन," असं क्षितिजनं, तिच्या नवऱ्यानं, कालच कबूल केलं होतं.

क्षितिज कापसावरच्या किडींचा शास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसेल, पण चार माणसं समोर आली की जीभ टाळूला चिकटायची. गेल्या वर्षी नेरच्या शेतकरी मेळाव्याच्या सकाळी त्याला ढास लागली, तेव्हा तिनंच दोन चमचे औषध पाजलं होतं. घाबरलेला दिसला म्हणून वर आणखी दोन. त्या दिवशी तो असा काही बोलला, की लोक उठायलाच तयार नव्हते. मग प्रत्येक मेळाव्याला त्याचंच नाव. चमचा केव्हाच सुटला. सवय सुटावी म्हणून यवतमाळच्या डॉक्टरांकडेही दोनदा जाऊन झालं. तिसऱ्यांदा तो दवाखान्याच्या पायरीवरूनच परतला.

"अहो, कबूल केलं होतं ना?"

"अर्धा तास आरशासमोर उभा होतो, मधू. 'शेतकरी बंधूंनो'च्या पुढं शब्दच फुटेना. त्यांना तो दुसराच हवाय. मला कोण बोलावतं?"

"मला हवे आहात ना तुम्ही."

तो लाजून हसला, कांदेपोह्यांच्या दिवशी हसला होता तसाच. आणि बाटली तोंडाला लावली.

थोड्या वेळानं फाटकाशी जीप थांबली. ड्रायव्हर पूनमसिंग ओरडला, "वहिनी, सरले धाडा लवकर! बाभुळगावचे लोकं खोळंबून राह्यले. मागच्या बारी सरनं बोंडअळीची नक्कल केली, त म्हातारे लोटपोट झालते!"

"चाल रे पूनमसिंग, आज त्याहीपेक्षा हासवू!" आतून खणखणीत आवाज आला. बाहेर पडताना क्षितिजनं मधुवंतीला डोळा मारला, एखाद्या परक्या बाईला मारावा तसा.

जीप गेली. ती वळली, तर पहिलीतली सुरभी गणवेशात उभी. आज वर्गात कविता म्हणायची म्हणून पोर कालपासून रडवेली होती. हातात तीच बाटली, तळाशी घोटभर उरलेली.

"आई, मी हे पिलं, त मलेही बाबासारखं बोलता येईन का?"