आईच्या अंगावरचे ठिपके

हॉलमधल्या मनीप्लांटचं एकेक पान बरं होत होतं आणि त्याच्यावरचा ठिपका आईच्या अंगावर उठत होता. ठिपका तोच. मधे तपकिरी, भोवती पिवळं कडं. शाळा सोडल्यापासून शलाकाला घरात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे तिच्या नजरेतून एकही सुटला नाही.

चूक आईचीच. रोज सकाळी ती रोगट पानावरून दोन्ही हात फिरवायची आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. लेकराची अलाबला घ्यावी तशी.

"झाडाची कुणी अलाबला घेतं का गं?" शलाका खेकसली.

"तुझी घेतली होती दहावीला. काय उजेड पाडलास? याला निदान गुण तरी येतोय."

कातडीच्या डॉक्टरांनी आईचा हात दिव्याखाली धरला, उलटा करून मागची बाजू बघितली.

"बुरशी आहे. पाणी वरून घालता?"

"आंघोळ करते ती," शलाका म्हणाली.

"बंद करा. बुडाशी घाला. वारा लागू द्या. आणि खराब झालेलं कापून टाका, नाहीतर पसरेल."

शलाकानं आईला खिडकीपाशी बसवलं, पाय बादलीत. पण बरं झालेलं झाड आता माजलं होतं. त्यानं टीव्ही झाकला, दार झाकलं, मग खिडकीच्या गजांत शिरलं. वारा बंद झाला. ठिपके गळ्यापर्यंत आले. आई मान वळवायची तेव्हा चुरचुर आवाज यायचा.

शलाका कात्री घेऊन वेलावर धावली. आईनं तिचं मनगट पकडलं.

"हिरवंगार झाड कापतेस?"

"मग मरतेस का अशी गुदमरून?"

"ओरडू नकोस गं. दमलेय मी. या घरात एवढं एकच धड झालंय, ते राहू दे." तिनं डावा हात पुढे केला, मेंदी काढायला द्यावा तसा. "खराब झालंय ते काप. देठापासून काप, अर्धवट ठेवू नकोस."

खिडकीत बोटभर उजेड उरला होता. शलाकानं हात त्यात धरला. बोटांपासून वरपर्यंत सगळा तपकिरी. ती कात्री खांद्याशी घेऊन गेली, तर तिथं सुरळी करून एक नवं पान फुटत होतं. पोपटी, कोवळं, एकही ठिपका नसलेलं.

"कापलंस का?" आईनं डोळे मिटूनच विचारलं.

पान उलगडायला लागलं होतं.