जो आधी बोलेल

कामगारांना मागायला शिकवायचं असं मालकांच्या मनात कुठून आलं कोण जाणे, पण एके दिवशी खुर्च्यांच्या कारखान्यातल्या जेवणाच्या हॉलमध्ये पडदा लागला आणि सिनेमावाले सर हजर झाले. सुट्टी मागायची असो की पाळी बदलून घ्यायची असो, सिनेमातल्या माणसांकडून शिका, असं त्यांचं म्हणणं. एक प्रसंग त्यांनी पुन्हापुन्हा दाखवला. टेबलाच्या एका बाजूला गुंडांचा म्होरक्या, दुसऱ्या बाजूला फौजदार. फौजदार एकच वाक्य बोलतो आणि गप्प बसतो. म्होरक्या चुळबुळतो, घाम पुसतो आणि शेवटी आपणहून नमतं घेतो.

"एक वाक्य बोला आणि तोंडाला कुलूप लावा," सर म्हणाले. "जो आधी बोलेल, तो हरला."

पॉलिश विभागाचा मुकादम पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होता. माणूस म्हणजे गरीब गाय. त्याला येताना पाहून भाजीवालीसुद्धा भाव वाढवायची. मागच्या रांगेत त्याची वहिनी तोंडाला रुमाल लावून खोकत होती. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, आणि आता ती त्याच्याच हाताखाली खुर्च्यांवर पॉलिशचा फवारा मारायची. त्या वासातून बाहेर पडा, नाहीतर फुफ्फुसं कामातून जातील, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

पॅकिंगच्या टेबलाशी एक जागा रिकामी होती, आणि तिथे कुणाला पाठवायचं ते नाव मुकादमाने मॅनेजरला कळवायचं होतं. ती वहिनीलाच द्यायची, हे मुकादमाने कधीच ठरवून टाकलं होतं. फक्त घरच्या माणसाची सोय लावली असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने स्वतः येऊन मागण्याची तो वाट पाहत होता.

दुसऱ्याच दिवशी ती त्याच्या खोलीत आली. घरी भावजी म्हणणारी, इथे म्हणाली, "साहेब, मला पॅकिंगला घ्या."

आणि सरांनी सांगितल्याबरहुकूम गप्प बसली.

'दिली जागा, वहिनी,' हे शब्द मुकादमाच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याच्या अंगात फौजदार शिरला. जन्मभर आपणच आधी बोललो, आपणच हरलो. एकदा तरी जमतंय का बघू. द्यायचं तर आहेच, घटकाभराने देऊ. असला पोरकटपणा करायला त्याला नेमकी वहिनीच सापडली. तो मूग गिळून बसून राहिला. ती रुमालाची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मग तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती ओसरल्यावर तिचा धीर सुटला.

"नाहीच जमलं, तर निदान चांगला मास्क तरी द्या."

"दिला," मुकादम जिंकल्याच्या भरात बोलून गेला.

"तुम्हाला अडचणीत तर नाही ना टाकलं, भावजी?" तिने दारातून विचारलं.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण तो विजय त्याला संध्याकाळपर्यंत पुरवून खायचा होता. उद्या सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरकडे गेला, तर ती जागा आदल्या संध्याकाळीच भरली होती. "तुमच्याकडून कुणाचं नावच आलं नाही," मॅनेजर म्हणाले. मुकादमाने हातापाया पडून पाहिलं. सिनेमातल्यासारखं ताडकन उठून दारापर्यंतही चालत गेला. मागून कुणी हाक मारली नाही. नवी जागा निघेल तेव्हा बघू, एवढंच उत्तर त्याच्या पदरात पडलं. घरी हे सांगायला त्याची जीभ रेटेना.

पुढच्या महिन्यात सर पुन्हा आले. "शिकवलेलं कुणी वापरून पाहिलं का?" त्यांनी विचारलं.

मागच्या रांगेत वहिनी उभी राहिली. गळ्यात मास्क लोंबत होता. बोलताना तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागत होता.

"मी वापरलं. पॅकिंगची जागा मागितली, ती काही त्यांच्या हातात नव्हती. पण साहेबांनी मास्क लगेच दिला. आमचे भावजीच आहेत ते. मला कधी नाही म्हणत नाहीत."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सरांनी मुकादमालाही उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. वहिनी हसून त्याच्याकडे बघत होती, म्हणून त्यानेही टाळ्या वाजवल्या.