गाळलेलं वाक्य

जर्मन, नववी: बी प्लस. स्पॅनिश, दहावी: ए मायनस. माझ्या गुणपत्रिकेत अकरावीच्या त्याच रकान्यात: सुतारकाम.

स्वयंपाकघरातला दिवा दोनदा मिचकावला, तर जेवायला या. चारदा मिचकावला, तर आई चिडली आहे.

जर्मन शिकवणारे मिस्टर क्लोट्झ निवृत्त झाले तेव्हा शाळेने त्यांना मासे पकडायचा गळ भेट दिला. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. जर्मनच्या वर्गात आता व्यायामाच्या चटया ठेवतात.

बारा जानेवारीला आमच्या तळ्यावर बर्फाची जाडी अठरा इंच होती. मी स्वतः मोजली.

बाबांच्या छापखान्यात यंत्रांचा इतका आवाज असतो की कामगार कानांत बोळे घालतात. बाबा घालत नाहीत. त्यांना गरज नाही.

दुभाषी आलीच नाही, असं आई तीन वर्षांपासून ज्याला-त्याला सांगते.

*

विद्यापीठाच्या पत्रात पहिल्या ओळीत अभिनंदन होतं आणि दुसऱ्या ओळीत 'मात्र' होतं. प्रवेश दिला आहे, मात्र परदेशी भाषेची अट अपुरी आहे. एकाच भाषेची दोन वर्षं हवीत. एक मार्चपर्यंत पूर्तता दाखवावी, नाहीतर जागा पुढच्याला.

माझ्याकडे दोन वर्षं होती. दोन भाषांची.

मला तळ्यांचं शास्त्र शिकायचं आहे. ते आमच्या राज्यात त्या एकाच विद्यापीठात शिकवतात, घरापासून गाडीने चार तासांवर. पत्र मी शाळेच्या समुपदेशक मिसेस पानेक यांच्या टेबलावर ठेवलं. त्या यंदाच आल्या आहेत. नववीपासूनच्या मोजल्या तर माझ्या तिसऱ्या.

"स्पॅनिशचं दुसरं वर्ष आता नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "वर्ग सप्टेंबरला सुरू होतो. ऑनलाइनचे प्रवेशही संपले." त्यांनी पत्र उलटून पाहिलं, मागे काही लिहिलेलं असावं तसं. "अगं आयडा, कॉलेजसाठी एकाच भाषेची दोन वर्षं लागतात, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

एकाच भाषेची दोन वर्षं लागतात.

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. याच खोलीत, याच रेडिएटरच्या खरखरीत.

"नाही," मी म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मिसेस पानेक यांनी मला वर्गातून बाहेर बोलावलं. आनंदाने त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता.

"तुझे आईबाबा बहिरे आहेत ना? म्हणजे तुला खुणांची भाषा येते! विद्यापीठ ती चालवून घेतं. वीस मिनिटांची एक मुलाखत फक्त. तुझ्या तर हातचा मळ आहे!"

"हो."

"मग असा चेहरा का?"

मला आठव्या महिन्यापासून खुणा येतात. पहिली खूण 'दूध', दुसरी 'अजून'. बँकेत, दवाखान्यात, टायरच्या दुकानात, शेजारच्या ब्रेनर आजोबांच्या भांडणात, सगळीकडे मी मध्ये उभी राहिले आहे. आईला काय म्हणायचं आहे ते मी बोलायचं, डॉक्टरला काय म्हणायचं आहे ते मी हातांनी सांगायचं. वाक्य एकीकडून घ्यायचं, दुसरीकडे द्यायचं. दिलं की ते माझ्याकडे राहत नाही.

जे दिलं नाही ते कुठे जातं, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

*

शाळेत बैठक. आई, बाबा, मिसेस पानेक, आणि पडद्यावर रीतसर नेमलेला दुभाषी. पहिल्यांदाच मला काही काम नव्हतं. मी हात मांड्यांखाली दाबून बसले. ते तिथेही वळवळत होते.

आईने सुरुवातीलाच तोफ डागली. (आमच्या घराबद्दल मी 'म्हणाली' लिहिते तेव्हा हातांनी म्हणाली असं समजावं. दुसरं म्हणणं आमच्याकडे नाही.)

"नववीत याच खोलीत बैठक होती," आई म्हणाली. "तेव्हा मी पंधरा दिवस आधी दुभाषी मागितली होती. आली नाही. चौदा वर्षांच्या पोरीला मध्ये बसवलं तुम्ही. तेव्हा दुभाषी असती, तर ही भानगड झालीच नसती."

"जोलीन, दमाने," बाबा म्हणाले.

"मी दमानेच बोलतेय. हे बघ, एकच हात वापरतेय."

मिसेस पानेक यांनी शाळेच्या वतीने माफी मागितली. लेखी देते म्हणाल्या. आईने मान हलवली आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं, बिचारी म्हणून. मी रेडिएटरकडे पाहत राहिले.

*

सराव. स्वयंपाकघर, रविवार दुपार, टेबलावर ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल. बाबा परीक्षक झाले होते. गळ्यात आईचा स्कार्फ टायसारखा बांधलेला.

"स्वतःबद्दल सांगा, मिस व्हेस्टरगार्ड."

"माझी आई किराणा दुकानाच्या बेकरीत केक सजवते. तिला—"

"ही तुझ्या आईची मुलाखत झाली."

"माझे बाबा छापखान्यात—"

"माझी नको. मला नोकरी आहे."

"मी... मी ऐकू येणारी आहे. मी आईबाबांसाठी—"

"हात असे काय करतेस?" आई ओट्यापाशी उभी राहून बघत होती. "माश्या हाकलतेस का?"

बाबांनी स्कार्फ काढला. "तुला काय वाटतं, ते सांग की. कशाहीबद्दल."

मी तळ्याबद्दल सांगायला गेले. बर्फाखाली पाणी कसं थरांनी राहतं, त्याबद्दल. शब्द होते, पण हात दोन वाक्यांनंतर थांबायचे, समोरचा काय म्हणतो याची वाट बघायचे, कुणाचं तरी पुढे द्यायला मिळेल म्हणून. बाबा नुसते बघत होते. माझ्या लक्षात आलं, या टेबलावर मी इतकी वर्षं दिवसभराच्या बातम्या दिल्या आहेत: शिक्षक काय म्हणाले, बसवाला काय म्हणाला. माझं असं जवळजवळ काहीच नाही.

"पास होशील," बाबा म्हणाले. फार सावकाश म्हणाले.

*

मुलाखत. ग्रंथालयामागची खोली, मंगळवार, सव्वादोन.

लॅपटॉपवर परीक्षक वेंडेल प्रूइट. साठीचे, बहिरे, पांढरी दाढी, काळा स्वेटर, ज्यावर हात स्वच्छ दिसतात. मागे भिंतीवर एक सायकल टांगलेली.

नाव. वय. गाव. घरी कोण कोण. सुरळीत.

"आईबाबांचं राहू दे," ते म्हणाले. "तू?"

हात थांबले.

"आवडीचं काही?"

"तळी."

"का?"

थांबले.

त्यांनी वाट पाहिली. घड्याळात मिनिट सरकलेलं दिसलं. मग दुसरं. एक मार्च. चार तासांचा रस्ता. पुढच्याला जागा. प्रूइटनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि हसून म्हणाले, "बरं, एखादी गोष्ट सांग. तूच केलेली. दुसऱ्या कुणी नाही."

आणि हात आपोआप सुरू झाले.

"नववीत शाळेत बैठक होती. समुपदेशक बोलत होत्या, मी आईबाबांना सांगत होते. शेवटी त्या म्हणाल्या, जर्मन यंदा बंद होणार, कॉलेजसाठी एकाच भाषेची दोन वर्षं लागतात, तेव्हा हिला आत्ताच स्पॅनिशला घाला. माझी मैत्रीण जर्मनला होती. मला तिच्याशेजारी बसायचं होतं. मी आईबाबांना म्हणाले, बाई म्हणतात, सगळं छान चाललं आहे."

"त्यांनी काय केलं?"

"बाबांनी बाईंशी हात मिळवला. आईने विचारलं, एवढं लांबलचक बोलल्या आणि एवढंच? मी म्हटलं, ऐकू येणारे लोक पाल्हाळ लावतात."

प्रूइटचे खांदे हलले. ते हसत होते. मी हसले नाही.

"मग?"

मग सगळंच आलं. ते वाक्य मी कसं विसरले, विसरले का नव्हते, आई अजून शाळेला शिव्या देते, मागच्याच आठवड्यात माझ्यासमोर तिची माफी मागितली गेली आणि मी गप्प बसले. मी चुकीच्या जागी थांबले, पुन्हा मागे गेले, खुणा एकमेकींवर आदळत होत्या. कुणी पुढचं वाक्य देत नव्हतं तरी ते येत होतं. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली.

"वेळ संपली," प्रूइट म्हणाले आणि, बहिऱ्यांच्या रीतीने, त्यानंतर दहा मिनिटं निरोपच घेत राहिले.

*

निकाल नऊ दिवसांनी आला. दोन वर्षांच्या बरोबरीचा हवा होता, चार वर्षांचा मिळाला. विद्यापीठाला परस्पर कळवलं होतं. जागा माझी.

सोबत मुलाखतीची चित्रफीत होती. पाठवायची पद्धतच आहे.

बहिऱ्यांच्या घरात चित्रफीत आली की ती टीव्हीवर लागते, जेवायची ताटं मांडीवर घेऊन. मी म्हटलं, नको, कंटाळवाणी आहे. आई म्हणाली, "पोरगी चार वर्षांची पास झाली आणि आम्ही बघायचं नाही?" बाबांनी आवाज शून्यावर केला, हा त्यांचा जुना विनोद.

नाव. वय. गाव. आईने 'बेकरी' आल्यावर कॉलर ताठ केली.

मग ते आलं.

मी टीव्हीकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे बघितलं. बाबांचा काटा ताटात राहिला. आई शेवटपर्यंत हलली नाही. शेवटी ती उठली आणि दिवा बंद केला.

आमच्या घरात भांडण असं संपतं. अंधारात कुणाला काही म्हणता येत नाही. मी हात पुढे करून बसले होते, कुणाला न दिसणारे. बाबांनी पाय आपटला, लाकडी जमीन थरथरली, आई जागची हलली नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. दिवा लागला.

"वाक्य गाळलंस," आई म्हणाली.

"हो."

"अजून किती गाळलीस?"

"मोजली नाहीत."

तिने डोळे पुसले, ॲप्रनने. मग बाबांकडे वळली. "तरी मी म्हणत होते ना? त्या दिवशी दुभाषी असती, तर हिला गाळताच आलं नसतं. चूक शाळेचीच."

बाबा माझ्याकडे बघत होते.

"हो ना?" आईने मला विचारलं.

"हो," मी म्हणाले.

*

नववीत, त्या बैठकीच्या दिवशी, दुभाषी बाई वेळेवर आल्या होत्या. मी त्यांना दारातच गाठून, बैठक रद्द झाली, असं सांगून परत पाठवलं.