पहिल्या आवृत्तीचा शेवट

हनुमानचा फोन आला तेव्हा सत्यशीलाबाई अंबाजोगाईच्या घराच्या गच्चीवर नवऱ्याची, अर्जुनरावांची पुस्तकं उन्हात मांडत होत्या.

"काकू, सरांची कादंबरी सापडली वाटतं. हितं, युसूफ वडगावातच. पण पहिली आवृत्ती हाय का दुसरी, ते तुमीच येऊन बघा. मला काय कळंना."

हनुमान अर्जुनरावांचा जुना विद्यार्थी, आता वडगावच्या शाळेत शिक्षक. 'सरांची कादंबरी' म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी छापलेली, गोदावरी नावाच्या बालविधवेची गोष्ट. मराठीचे प्राध्यापक असलेल्या अर्जुनरावांनी तिच्या पहिल्या आवृत्तीपायी चाळीस वर्षं पुणं, मुंबई, हैदराबाद पालथं घातलं होतं. हाताला लागायची ती दुसरीच. तिच्या प्रस्तावनेत लेखकानं लिहून ठेवलं होतं, 'कित्येक सभ्य गृहस्थांच्या आग्रहावरून शेवट बदलिला आहे.' या बदललेल्या शेवटात गोदावरी पश्चात्ताप पावून सासऱ्याच्या गाडीत बसते. आधी काय होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तिनं विहीर जवळ केली असणार," अर्जुनराव म्हणायचे. "त्या काळात दुसरं काय?"

"मेली असती तर त्या गृहस्थांचं काय दुखलं असतं?" सत्यशीलाबाई विचारायच्या.

यावरून कितीदा ताटातली भाकरी गार झाली. दोन वर्षांपूर्वी अर्जुनराव गेले आणि वाद तसाच अर्धा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या वडगावला गेल्या. हनुमाननं त्यांना छबुबाईंच्या घरी नेलं. पंचाहत्तरीच्या छबुबाई अंगणात मेंढीच्या पिलाला बाटलीनं दूध पाजत होत्या. त्यांनी पिलू सुनेकडं दिलं, हात धुतले आणि आतून फडक्यात बांधलेलं पुस्तक आणलं.

मुखपृष्ठ नव्हतं, सालाचं पानही नव्हतं. सत्यशीलाबाई हलक्या हातानं पानं उलटू लागल्या. खुणा त्यांना अर्जुनरावांइतक्याच पाठ होत्या. प्रस्तावनेत शेवट बदलल्याची ती ओळ नव्हती. पुढं आश्रयदात्यांची यादी होती, ती दुसऱ्या आवृत्तीत गाळलेली. त्र्याहत्तराव्या पानावर छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यानं सदतीस आकडा लावला होता. पहिल्या आवृत्तीतली ही चूक त्यांनी फक्त एका जुन्या पत्रात वाचली होती. त्यांनी त्या सदतीसवर बोट टेकवलं.

"पहिलीच आहे रे," त्या हनुमानला म्हणाल्या आणि घाईनं शेवटाकडं गेल्या.

शेवटची पानं नव्हती. गोदावरीच्या दारात गाडी येऊन थांबते, तिथं पुस्तक संपत होतं.

सत्यशीलाबाईंनी डोळे टिपले.

"कावून रडता, बाई?" छबुबाईंनी विचारलं.

"शेवटची पानं कुठं गेली?"

"गळाली. तीच लई वाचली ना. आमचे सासरे, सुग्रीव, एका मास्तरापाशी वाचायला शिकलेले. मेंढरं घेऊन गेलो की सांजच्याला तळावर वाचायचे. सासूबाईला दुसरं काय नको. म्हणायच्या, गाडी आली तिथून वाचा."

"मग... गाडी आल्यावर काय होतं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"तिचा सासरा म्हणतो, चल. ती उंबऱ्यात उभी राहती आन् म्हणती, मी येत न्हाई. गाडी रिकामीच जाती. ती सुपातले दाणे निवडाय बसती. बस."

"विहीर?"

"विहीर कशाला? दाणे कोण निवडंल मग?"

सत्यशीलाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षांचा वाद त्या जिंकल्या होत्या. "असं कसं?" म्हणत चष्मा कपाळावर सारणारा माणूसच समोर नव्हता.

त्यांनी छबुबाईंचे शब्द आहेत तसे उतरवून घेतले. पुस्तक "घिऊन जा" असं छबुबाई म्हणाल्या, पण त्यांनी ते नेलं नाही. हनुमाननं पानापानाचे फोटो काढले. पुढं एका मासिकात सत्यशीलाबाईंचा लेख आला. प्रत पहिल्या आवृत्तीची, हे जाणकारांनी मान्य केलं. शेवट मात्र ऐकीव म्हणून बाजूला ठेवला. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही.

त्या अजून महिन्या-दोन महिन्यांनी वडगावला जातात. छबुबाई कामातून मान वर न करताच विचारतात, "कुठून सांगू?"

"गाडी आली तिथून," सत्यशीलाबाई म्हणतात आणि भिंतीला टेकून बसतात.