भागीनं भरलेलं पिंप

खालापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी जगदीशशेठचा ब्रँडीचा छोटासा कारखाना आहे. तिथल्या कोठीची किल्ली भागीच्या कमरेला असे, आणि ती मिरवताना बाईचे पाय जमिनीवर ठरत नसत. का ठरावेत? कातकरी वाडीतल्या बाईच्या हाती दारूच्या कोठीची किल्ली कोणी देतं का? जगदीशशेठनी दिली होती. वाडी कुठली, बाप काय करायचा, एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्या उपकाराची जाण भागीला उठता-बसता होती.

शेठ बोलके. सांगायला बसले की थांबायचं नाव नाही. द्राक्षांची वाइन भट्टीवर तापवायची, वाफ गार करून थेंबथेंब धरायची, की झाली ब्रँडी. "असं म्हणतात, परदेशातले व्यापारी जहाजानं वाइन न्यायचे नि वाटेत ती आंबायची. मग त्यांनी तापवून तिचा अर्कच काढला आणि लाकडी पिंपात भरून धाडला. पिंपात राहून त्याला रंग चढला, जिभेवरचा जाळ निवला. लोक म्हणाले, आता आम्हाला हीच द्या!"

"म्हंजी आमच्या मोहासारकंच की, शेट," भागी हसून म्हणाली. "फकस्त आमाला एवढा दम निघत नाय."

एवढं पुराण सांगितलं, पण कामाचं तेवढं सांगायचं शेठ विसरले.

पिंपं पुसताना भागी बूच काढून आत वेळूची काठी बुडवून बघे. पावसाळा सरला तेव्हा काठी आधीपेक्षा कमी भिजली. पुढच्या पावसाळ्यानंतर आणखी कमी. भागीनं पिंपांखाली वाकून बघितलं. पिंपं गळत नव्हती, खालची फरशी कोरडी ठाक. कुलूप शाबूत. दारू कमी झाली की बोट कुठल्या वाडीकडे वळतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. नोकरी गेली तर गेली. पण आपण चोरावर भरवसा टाकला असं शेठना वाटावं, हे तिला सोसवेना.

तिच्या वाडीची रीत अशी, की सांभाळायला दिलेलं बियाणं उंदरांनी खाल्लं, तरी सांभाळणाऱ्यानं ते घरचं घालून पुरं करायचं. भागीनं तेच केलं. भाऊ कमळ्याकडून मोहाची, पहिल्या धारेची आणली आणि आधी दाराजवळच्या पिंपात काठोकाठ ओतली; बाकीची पुढं जमेल तशी भरायची होती. पाणी घालून वेळ मारून नेणाऱ्यांतली ती नव्हती!

दिवाळीनंतर शेठनी नेमकं तेच पिंप चाखायला उघडलं. पेला नाकाशी नेला आणि थबकले. पुन्हा हुंगला.

"भागी, यात मोह कुठून आला गं?"

भागी पुढं झाली.

"मीच वतली, शेट. दर सालाला कमी व्हायची. आमी घेतली नाय, पोरांची आन! पन सांबाळायला माज्याकडं व्हती, मंग भरून कोनी द्यायाची?"

शेठनी कपाळावर हात मारला. "अगं बये, लाकडातून ती उडून जाते! दर साल थोडी थोडी. माझ्या घरी कुलपात ठेवलेल्या पिंपातलीसुद्धा जाते. तुला सांगायचं राहिलं. चूक माझी आहे."

"मंग ह्ये पिंप वाया गेलं?"

"विकता नाही यायचं." शेठनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि दुसराही घेतला. मग पेला खाली ठेवून त्यांनी हात जोडले. "भागी, माझ्या मालावर हात मारणारे रग्गड बघितले. घरचं आणून ओतणारी तूच पहिली. कुठल्या जन्माचं पुण्य म्हणून तू मला मिळालीस!"

भागीनं पदर तोंडाला लावला आणि ती हमसून हमसून रडली. दारू कमी झाली होती, आणि कोणीतरी तिच्यापुढे हात जोडून उभं होतं.