टीनाच्या कानातली रिंग

मित्रांनो, मी टीनाच्या कानातली एक जुनी रिंग आहे. सोन्याची, दुरून दिसेल एवढी मोठी. माझी जोडीदारीण तिच्या दुसऱ्या कानात असते.

टीनाच्या पणजोबांनी आपली लाडकी घोडी विकली तेव्हा मिळालेलं सोन्याचं नाणं वितळवून सोनाराने आम्हा दोघींना घडवलं. तेव्हापासून आम्ही या भटक्या जिप्सी घराण्यातच आहोत. इंग्लंडमधल्या केंटच्या सफरचंदांच्या बागांत, घोड्यांच्या बाजारात, लग्नांत मी खूप मिरवले. टीनाची आई ऑर्फी मला रोज मऊ फडक्याने पुसायची. टीना सोळा वर्षांची झाली तेव्हा ऑर्फीने मला लेकीच्या कानात घातलं आणि म्हणाली, "आता कशी आपल्यातली दिसतेस."

नेमकं तेच टीनाला पुढे नडलं.

तिला केसांचं काम फार आवडायचं. पण दोन पार्लरवाल्यांनी तिचा पत्ता ऐकूनच तिला परत पाठवलं. पत्ता म्हणजे पुलाखालचा तळ. आमच्या कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरची घरं, तिथे उभ्या असतात. तिसऱ्या ठिकाणी, मिसेस हॅल्फर्डच्या पार्लरमध्ये, टीनाने गावातल्या भलत्याच गल्लीचं नाव सांगितलं आणि काम मिळालं. त्या दिवसापासून बसमधून उतरण्याआधी ती आम्हाला काढून खिशात टाकू लागली, आणि कामावर पोचली की एप्रनच्या खिशात. तिथे पिनांच्या गर्दीत मी दिवस काढायचे. ऐकू मात्र सगळं यायचं. बायका टीनाच्या हाताची तारीफ करायच्या, केस धुवायला तीच हवी म्हणायच्या. त्याच बायका पुलाखालच्या लोकांविषयी बोलू लागल्या की टीना नळ जरा मोठा सोडायची.

एका शनिवारी तिची मावसबहीण डिलाया पार्लरमध्ये आली. दुसऱ्या दिवशी तिचा साखरपुडा होता. बहिणीला चकित करावं म्हणून ती न सांगताच आली होती, कानांत माझ्याहून मोठ्या रिंगा घालून. मिसेस हॅल्फर्डनी तिला दारातच थांबवलं. आज जागा नाही म्हणाल्या. आत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

डिलाया हसली. "माझे केस टीनाच करेल हो. बहीण आहे ती माझी."

मिसेस हॅल्फर्ड मागे वळल्या. "टीना, तू ओळखतेस हिला?"

टीनाचा हात खिशात आला. तिने मला इतकं घट्ट धरलं की मी वाकते की काय असं वाटलं. मग ती म्हणाली, "नाही."

डिलाया तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अगंबाई, ही नव्हेच. आमची टीना हिच्याहून जाडी आहे. चुकलंच माझं." जाताना तिने दारही हळूच लावून घेतलं.

पर्स सांभाळा गं, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. टीनाही हसली. मी सोन्याची, मी काळी पडत नाही. त्या वेळी पडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तळावर ऑर्फी डिलायाचे केस धूत होती. "टीना, तुझं दुकान बंद होतं म्हणे आज," ती म्हणाली. "पोरीचा उगाच हेलपाटा झाला."

डिलायाने डोळे उघडले नाहीत. तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं.

टीनाने आम्हाला खिशातून काढून कानांत घातलं. "दुकान उघडं होतं, मम्मी," ती म्हणाली. "ही मला बहीण म्हणाली आणि मी म्हटलं, हिला ओळखत नाही."

ऑर्फीने हातातला मग खाली ठेवला. ती रागावली असती तर टीनाला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही.

"केस मी विंचरू?" टीनाने विचारलं.

"नको," डिलाया म्हणाली. "मावशी करेल."

सोमवारी टीना आम्हाला घालूनच कामावर गेली. मिसेस हॅल्फर्डनी तिच्या कानांकडे पाहिलं, बराच वेळ टॉवेलांच्या घड्या घातल्या आणि मग सांगितलं की हल्ली गिऱ्हाईक कमी आहे, उद्यापासून येऊ नकोस. टीनाने एप्रन काढून त्यांच्या हातात दिला.

आता ती तळावरच्या मुलींचे केस करते. नवरीची वेणी तिच्याच हातची हवी असं सगळ्या म्हणतात. डिलायाची वेणी मात्र तिने घातली नाही. डिलाया लग्न होऊन लांब गेली. तिचं नाव निघालं की टीना मान खाली घालते, आणि तिच्याबरोबर मीही झुकते.

मागच्या उन्हाळ्यात डिलाया आली. आपल्या चिमुरडीला तिने टीनापुढे स्टुलावर बसवलं. "हिचे केस फार गुंततात," ती म्हणाली. "तू बघ जरा." त्या शनिवारबद्दल दोघीही काही बोलल्या नाहीत. टीनाने एकेक गुंता बोटांनी सोडवला. पोरीला जराही दुखू दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादी मुलगी आपलं घर कुठे ते सांगताना अडखळली, तर तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. आपल्याच माणसांना ओळख न देण्याची वेळ तिच्यावर आणू नका. तिच्या शेजारची जागा रिकामी असेल, तर तिथे जाऊन बसा.