बिबीजानच्या शिव्या

टेबलावर रेडिओ-टेपचा एक टू-इन-वन होता. त्याला दोन स्पीकर, त्यातल्या डाव्याची जाळी चेपलेली. शेजारी पाच कॅसेट, पण डब्या चारच. फीत घासते ते हेड पुसायला मी आणलेली स्पिरिटची बाटली, ताटलीत अर्धवट सोललेला लसूण, आणि डाव्या स्पीकरवर पालथा ठेवलेला बिबीजानचाचीचा उजवा हात.

“बंद कर गो तां रडणां,” ती म्हणाली.

मी बटण दाबलं. गाणं इंग्लंडातल्या कुठल्याशा चार पोरांचं होतं, त्याच वर्षी निघालेलं. मला ते आवडलं होतं, पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

“आता माझां घे.”

मी कॅसेट उलटी केली आणि रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली. चाची पदर सारखा करून मशीनकडे वाकली.

“हसन, मेल्या, ह्यो पोरगो कोणावर रुसलोहा? गिटार बरी वाजता. पण गाणारो भिंतीकडे तोंड करून गाता. तेका सांग, आधी जेव, मगे गा. दुसरां, तां अमेरिकेचां चेडू. आवाज सुरयेसारखो. पण तेच्या मागसून इतके ढोल कित्याक? एकटां गायलां तर भियाता काय? आणि तां मुंबयचां डिस्को परत धाडू नको. मागच्या खेपेक धाडलंस तांच गाणां, नुसतां लुगडां बदलल्यानी.”

हसन तिचा एकुलता एक मुलगा, मस्कतला कॅसेटच्या दुकानात कामाला होता. बंदराकडच्या बऱ्याच घरांत तेव्हा आखातातून पत्राऐवजी कॅसेट यायची. सुट्टीवर येणारा माणूस पिशवीभर कॅसेट घेऊन घरोघर वाटत जायचा आणि परतताना उत्तरं गोळा करायचा. बाकीच्या घरांच्या कॅसेटमध्ये खुशाली आणि रडणं असे. हसन मात्र पहिल्या बाजूवर दुकानात आलेली नवी गाणी भरायचा, मधे मधे दोन वाक्यं बोलायचा, आणि दुसरी बाजू आईसाठी कोरी सोडायचा. तिच्यावर चाचीनं प्रत्येक गाण्याचं काय ते सांगायचं. कॅसेट परत गेली की तो ती पुसून नवी गाणी भरायचा. त्यामुळे दोघांचंही बोलणं कुठेच उरत नसे.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि नोकरी लागेपर्यंत बाबांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात बसत होते. चाचीच्या मशीनचं हेड साफ करायला एकदा आले, ती येतच राहिले.

पुढची कॅसेट आली त्या दुपारी तिसऱ्या गाण्याआधी हसन म्हणाला, “माय, ह्या गाण्यात घुंगरांसारखां कायतरी वाजता. तां कसां वाटता सांग.” गाणं सुरू झालं आणि चाचीनं लगेच मान डोलावली. “घुंगरां बरी आसत.”

घुंगरं तोवर वाजलीच नव्हती. ती अर्ध्या गाण्यानंतर आली. तेव्हा चाची लसूण सोलत होती.

मी मनगटावरचं घड्याळ काढलं, तिच्या मागे गेले आणि ते तिच्या कानाजवळ धरलं.

“काय करतंस गो?”

“काही ऐकू येतंय?”

“येता मां. समुद्राची गाज.”

भर ओहोटीची दुपार होती. गाज नव्हती. दुसऱ्या कानाशीही घड्याळाची टिकटिक तिला लागली नाही. मग मी आवाजाचं बटण पाचवर ठेवलं, तेच गाणं पुन्हा लावलं आणि तिला एकेक पाऊल मागे जायला सांगितलं. दोन फुटांवर गाणं तिच्यापुरतं संपलं. हात स्पीकरवर का असायचा, ते तेव्हा मला कळलं. मी इतके दिवस समजत होते, चेपलेली जाळी खडखडू नये म्हणून. माणसाचं बोलणं ती तोंडाकडे बघून ओळखत होती.

“हसनाक सांगू नको,” ती म्हणाली.

“का? तो कानाचं यंत्र पाठवील.”

“यंत्र धाडीत आणि गाणी बंद करीत. बहिऱ्या आवशीक गाणी कोण धाडता?” ती कॅसेट हातात घेऊन फिरवत राहिली. “मगे ह्या बाजूर मी काय बोलू? बरी आसंय, बांगडो महाग झालो, कौलां बदलूक व्हयी. दोन मिनिटांत संपता. बाकीची कॅसेट कोरी जातली, विमल. कोरी कॅसेट तो किती दिवस आयकतलो?”

मला एक उपाय सुचला, किंवा मला तो उपाय वाटला. सगळी गाणी मी ऐकायची, तिला सांगायचं, आणि तिनं तिच्या आवाजात बोलायचं. मी मन लावून ऐकलं. खालचे सूर किती, वरचे किती, ताल कुठे बदलतो, कोणतं वाद्य कधी येतं, सगळं सांगितलं. चाची शाळेतल्या मुलीसारखी माझ्यामागून म्हणत गेली. “पाचव्या गाण्यात ताल एकसारखो आसा. वरचे सूर जास्त, खालचे कमी. शेवटाक आवाज हळूहळू लहान होता.”

शुक्रवारी खारेपाटणचा अलीमियाँ कॅसेट न्यायला आला. तो मस्कतच्या बंदरात क्रेनवर होता. खुर्चीत बसायच्या आधीच हसायला लागला.

“चाची, तुका म्हायत नाय, तू थंय किती मोठी झालंस ती! शुक्रवारी दुकानात आपल्याकडची सगळी पोरां जमतत. हसन तुझी बाजू लावता. तू ज्या गाण्याक शिव्या घालतंस, तेची कॅसेट दुसऱ्या दिवशी दुकानातसून संपता.”

“आणि माका बरां वाटता तां?”

“तां थंयच पडान रवता!”

चाचीही हसली. पण कॅसेट त्याच्या हातात देताना तिनं एक क्षण ती धरून ठेवली. कॅसेटबरोबर कोकमाची सोलं आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, पुडी गेली.

उत्तर आलं ते आचऱ्याच्या एका खलाशाबरोबर. मी कॅसेट लावली. गाण्याआधी हसन बोलला. मी चाचीच्या कानाशी तोंड नेऊन त्याचा शब्दन् शब्द तिला सांगितला.

“माय, सलाम. तुका ताप इलोलो काय? अख्ख्या बाजूर एकव शिवी नाय! पोरां आयकत बसली आणि एकेक करून उठान गेली. वरचे सूर, खालचे सूर... ह्यां कोण बोलता माय? तुझ्या आवाजात कोणतरी बी.एस्सी. बोलता.”

मी कॅसेट थांबवली. चाची माझ्याकडे बघत होती.

“बरोबर बोललो,” ती म्हणाली. “तुझ्या बोलण्यात मीठच नाय गो. गाणां कसां आसा इचारलां, तर तू वजन करून सांगतंस.”

“मला जे ऐकू आलं ते मी सांगितलं.”

“तांच मां. तुका आयकाक इलां, तां तू सांगलंस.” ती उठली, दाराला कडी लावून आली आणि नेहमीच्या जागी बसली. “लाव गाणी. सगळी लाव. तू काय सांगू नको.”

मी सगळी गाणी लावली. ती डोळे मिटून, हात स्पीकरवर ठेवून बसली. बासरीचं एक सुंदर गाणं होतं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यानंतर एक धडाधड वाजणारं गाणं आलं, तेव्हा भुवई वर गेली.

“ह्यो ढोलवालो कोण?”

“माणूस नाही. मशीन वाजवतं.”

“तरीच.”

मी कॅसेट उलटी केली. बटणं दाबायच्या आधी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

“हसन, मागच्या खेपेक बोललंय ती मी न्हय. ती रेडिओवाल्याची विमल. तेचो दोष नाय, मी सांगलंय म्हणान तेना केल्यान. माका आता बारीक आवाज आयकाक येणा नाय. घुंगरां नाय, बासरी नाय. चेडवां गातत, तीं पाण्याखालसून गातत तशी. तू बोलतंस तांव पुरतां कळणा नाय, विमल सांगता. ढोल तेवढो येता, तो हातात येता.” फीत फिरत राहिली. “ह्या खेपेच्या चौथ्या गाण्यातलो ढोल मेल्याहून मेलेलो. मशीन वाजवता म्हणे. म्हणान तो दमणा नाय. ढोल वाजवणाऱ्याक घाम येऊक व्हयो, मेल्या! घाम नाय तर ढोल कशाक, पिठाची गिरण लाव. बाकीच्या गाण्यांचां माका ठावक नाय. आता तू गाणी धाड, नायतर धाडू नको. मी सांगलंय.”

तिनं स्वतःच बोटानं बटण बंद केलं. त्या बाजूवर बरीच फीत कोरी उरली होती. ती तशीच खलाशाबरोबर परत गेली.

मग पाऊस लागला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या. मस्कतहून दोन माणसं येऊन गेली. एकानं हसननं पाठवलेला साबण आणि कापड आणून दिलं, दुसऱ्यानं कौलांसाठी पैसे. कॅसेट कोणीच आणली नाही. चाचीनं विचारलंही नाही. मी आठवड्यातून एकदा जाऊन हेड पुसत असे. त्याच्यावर फितीचा मळ नसे, कारण काही वाजलेलंच नसे. टू-इन-वनवर तिनं एक विणलेला रुमाल घातला होता. पुढे त्या रुमालावर पानाचा डबा आला.

“दसऱ्याक बॅटरीच काढान ठेव,” एकदा ती म्हणाली. “उगाच गळतली.”

दसऱ्याच्या आधीच अलीमियाँ सुट्टीवर आला. मी तिथेच होते. त्यानं पिशवीतून एकच कॅसेट काढली. तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

“हसनान सांगल्यान, आवाज पाचाच्या वर करू नकात. स्पीकर फाटतलो.”

तो पिशवीत बघूनच बोलला, म्हणून मी त्याचं वाक्य चाचीच्या कानाशी पुन्हा म्हटलं. तिनं कॅसेटकडे पाहिलं, हात लावला नाही.

“तुमी लावा,” ती म्हणाली. “माझे बांगडे पडलेहत.” आणि माजघरातून सरळ मागल्या दाराकडे निघून गेली. उंबऱ्यावर बसून तिनं विळी पुढे ओढली. तिची पाठ आमच्याकडे होती.

अलीमियाँनं माझ्याकडे पाहिलं. मी पानाचा डबा उचलला, रुमाल काढला, कॅसेट घातली, बटण पाचवर आणलं.

हसन बोलला. इतक्या जवळून, इतक्या सावकाश आणि इतक्या खालच्या आवाजात त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

“माय. उशीर झालो. दुकान बंद झाल्यार रोज बसान ह्यांच करी होतंय. गाण्यांतले बारीक आवाज काढलंय, जाडे वाढवलंय. जाड्या गळ्याचे गाणारे शोधलंय, नवे, ह्या वर्षाचेच. पोरां म्हणतत, दुकान न्हय, म्हशींचो गोठो झालोहा. आयक. आणि मीठ घालून सांग.”

मग गाणं सुरू झालं. गिटारीचा सूर इतका जाड होता की टेबलावरच्या स्पिरिटच्या बाटलीत तरंग उठले. वर एक माणूस विहिरीतून बोलावं तसा गात होता. माझ्या कानांना ते गाणं साफ बिघडलेलं होतं.

मागल्या दारी विळीचा आवाज थांबला.

“मेल्या!”

अलीमियाँ खुर्चीतून अर्धा उठला.

“हसन, मेल्या, ह्यो रेडो खंयसून हाडलंस? चिखलात बसान गाता! आणि ढोलवालो बघ, ह्यो माणूस आसा, ह्येका घाम येता, पण तेका कोणी सांगूक नाय गाणां संपलां म्हणान! विमल, अगो बसलंस काय? दोन बटणां दाब! नाय नाय, रव, आधी पुरां होऊ दे!”

ती उंबऱ्यावरून उठली नव्हती. हाताला खवले होते, तोंड अजून परसाकडेच होतं. गाणं संपेपर्यंत ती त्या माणसाच्या आईबापापर्यंत पोचली होती आणि अलीमियाँ डोळे पुसत होता.

मी पिशवीतून दुकानातली गुंडाळीची मोजपट्टी काढली. आवाजाचं बटण पाचवर होतं, दोन फुटांच्या त्या दुपारी होतं तसंच. पट्टीचं एक टोक अलीमियाँनं स्पीकरच्या चेपलेल्या जाळीशी धरलं, दुसरं मी मागल्या उंबऱ्यापर्यंत नेलं.

अठरा फूट चार इंच.